1842 चा पट्टा आणि डांग दरबार: जंगल कुणी कुणाला दिले?

होळीच्या आधीच्या दिवसांत गुजरातच्या डांग जिल्ह्यात, आहव्याला, दरबार भरतो. दहेर, लिंगा, गाढवी, वासुर्णा आणि पिंपरी या पाच गाद्यांचे भिल्ल राजे फेटे बांधून बग्गीतून मिरवत येतात. त्यांच्यामागे नाईक आणि भाऊबंद असतात. राज्यपाल किंवा मंत्री भर मांडवात त्यांचा सत्कार करून वर्षाचा सालियाणा हातात देतात. मग बाजार, पावरीचे सूर, रात्रभर नाच. सुरगाणा, साक्री, नवापूरकडची माणसेही या जत्रेला जातात, कारण डांगच्या सीमेवर आपलेच तालुके आहेत.

1971 मध्ये 26 व्या घटनादुरुस्तीने देशभरच्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. बडोदा, ग्वाल्हेर, कोल्हापूर, कुणालाच सूट मिळाली नाही. डांगच्या राजांना मिळणारी रक्कम मात्र चालू राहिली, कारण तिची मुळे 1842 मध्ये इंग्रजांनी या राजांकडून घेतलेल्या जंगलाच्या पट्ट्यापर्यंत, म्हणजे भाडेकरारापर्यंत, जातात. सरकारी भाषेत तिला राजकीय पेन्शन म्हणतात.

म्हणजे दरवर्षी एका मांडवात शेकडो लोकांसमोर एक जुना व्यवहार पुन्हा मांडला जातो. तो व्यवहार नेमका काय होता? देणारा पेन्शन देतो की भाडे? घेणारा लाभार्थी आहे की जंगलाचा मालक? या प्रश्नांचे उत्तर दफ्तरात एक, डांगी म्हाताऱ्यांच्या तोंडी दुसरे आणि जिल्ह्याच्या अधिकृत इतिहासात तिसरे मिळते. आदिवासींची ओळख, त्यांची सामूहिक आठवण आणि राष्ट्राचा इतिहास यांचा संबंध अभ्यासायला याहून चांगले प्रकरण पश्चिम भारतात मला दिसत नाही.

पट्ट्याच्या आधी

डांग म्हणजे जगापासून तुटलेले रान, हे चित्र आधी पुसायला हवे. अठराव्या शतकात डांगच्या भिल्ल राजांचे बागलाण, खानदेश आणि गायकवाडी मुलखाशी रोजचे संबंध होते. सपाटीवरच्या कित्येक गावांतून त्यांना गिरास, म्हणजे हक्काचे ठरावीक देणे, मिळे. गिरास थकला की धाड पडे. गुरे हाकलून नेली जात, गंजी पेटत, आणि मग देशमुख किंवा गायकवाडांचे कारभारी बोलणी करायला येत. हे लुटालुटीसारखे दिसते, आणि ज्या कुणब्याचे बैल गेले त्याच्यासाठी ती लूटच होती. पण मराठा राज्यव्यवस्थेत एकाच गावावर अनेकांचे हक्क असत. देशमुखाचा हक्क, पाटलाचा हक्क, तसा डोंगरातल्या राजाचाही एक हक्क, अशी ती रचना होती. भिल्ल राजा त्या रचनेत होता, कडेला असला तरी बाहेर नव्हता.

1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीकडे आला. एका गावावर एकाच सत्तेचा हक्क, अशी कंपनीची समज होती. 1825 मध्ये जेम्स औट्रमने खानदेशात भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचे ठाणे धरणगावला होते. 1830 मध्ये याच औट्रमने डांगवर स्वारी केली. गिरासासाठी राजांनी गावांत उतरायचे नाही, रक्कम सरकारच देईल, अशी व्यवस्था हळूहळू बसवण्यात आली. डांगचा सपाटीशी असलेला संबंध असा कापला गेला. पुढच्या पिढीतल्या साहेबांना डांग जो ‘एकाकी’ दिसला, त्या एकाकीपणात त्यांच्याच सरकारच्या या बंदोबस्ताचा वाटा होता.

कागदावरचा व्यवहार

मुंबईच्या गोदीला सागवान हवे होते. मलबारचे उत्तम सागवान संपत चालले होते आणि डांगात ते उभे होते. 1842 मध्ये राजांकडून झाडे तोडण्याचा हक्क पट्ट्याने घेण्यात आला. ठरावीक वर्षांची मुदत, वर्षाला ठरावीक रक्कम. पुढे 1862 मध्ये नव्याने पट्टे झाले.

इथे एक बारकावा आहे. पट्टा घेणारा भाडेकरू असतो. डांगची जमीन आणि तिथली सत्ता राजांचीच आहे, हे मान्य केल्याशिवाय त्यांच्याकडून पट्टा घेता येत नाही. कंपनीने हे लेखी मान्य केले होते. पण वनखाते आले तसा भाडेकरू मालकासारखा वागू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत जंगलाचा मोठा भाग राखीव झाला, हद्दी आखल्या गेल्या, फिरत्या शेतीवर बंधने आली. माणसे राखीव हद्दीबाहेर सरकवली गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डांगी लोकांनी या हद्दींविरुद्ध एकाहून अधिक वेळा उठाव केला, जंगलाला आगी लावल्या.

इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी डांगच्या जंगलावरच्या सत्तेचा 1820 ते 1940 पर्यंतचा आलेख सबाल्टर्न स्टडीज या वंचितांच्या इतिहासाला वाहिलेल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात मांडला. त्यात ही घसरण टप्प्याटप्प्याने दिसते. कागद वाचणाऱ्याला त्यातून जंगलसत्तेचा इतिहास कळतो. डांगी माणसाने तो कसा जगला, हे मात्र त्या कागदांत फारसे नाही, कारण ते लिहिणारा कारकून नेहमी समोरच्या बाजूचा होता.

गोठीतला व्यवहार

1990 च्या आसपास इतिहासकार अजय स्कारिया डांगात राहून म्हाताऱ्या माणसांकडून वाडवडिलांच्या गोठी, म्हणजे तोंडी चालत आलेल्या गोष्टी, ऐकत होते. त्यातून 1999 मध्ये आलेल्या ‘हायब्रिड हिस्टरीज’ या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनात एक नवा पायंडा पाडला, असे माझे मत आहे. तोवर मौखिक परंपरा बहुधा दफ्तरातल्या फटी बुजवायला वापरली जाई. स्कारियांनी गोठीला इतिहासाची एक स्वतंत्र पद्धत मानले आणि तिचा कालविचार समजून घेतला.

गोठींत काळाचे दोन मोठे भाग पडतात, मोगलाई आणि मांडिणी. मोगलाईत माणूस हवा तिथे नांगरट करी, हवे ते झाड तोडी, मासे मारी, शिकार करी, मोहाची दारू गाळी. राजे गिरास गोळा करायला खाली उतरत. मांडिणी म्हणजे मोजणी आली, हद्दी आल्या, कर आला, फॉरेस्टचा शिपाई आला. दिल्लीच्या मोगलांशी या मोगलाईचा थेट संबंध नाही. तिला सनही नाही. कुणाच्या गोठीत मांडिणी पट्ट्यापासून सुरू होते, कुणाच्या गोठीत राखीव हद्दीच्या चौकीपासून. एखाद्या गावात एखादी मोकळीक उशिरापर्यंत टिकली असेल, तर तिच्यापुरती तिथली मोगलाईही उशिरापर्यंत टिकते.

सनावळीत वाढलेल्या वाचकाला हा घोळ वाटेल. मला तो फार काटेकोर विचार वाटतो. राज्य कुणाचे हे इथे दुय्यम आहे. जंगलाशी असलेले नाते कधी तुटले यावर काळाची विभागणी केली आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात 1818 ला एक युग संपते आणि 1947 ला दुसरे. डांगी कालगणनेत 1947 ला युग बदलत नाही, कारण चौकी तिथेच राहिली आणि शिपायाच्या अंगावर खाकीच राहिली. मांडिणी संपलेली नाही, हे सांगायला गोठ कोणताही निषेध नोंदवत नाही, ती फक्त काळ मोजते.

पट्ट्याबद्दलच्या गोठी फसवणुकीच्या आहेत. साहेबाने बोलले एक आणि लिहिले दुसरे, असा त्यांचा सूर. त्यांतले तपशील दफ्तराशी जुळतात का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही, आणि पुष्कळदा ते जुळत नाहीत. पण सबाल्टर्न स्टडीजच्या नवव्या खंडातल्या लेखात स्कारियांनी लिखाण, बोलणे आणि सत्ता यांचा डांगपुरता जो संबंध दाखवला, तो वाचल्यावर या न जुळण्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. ज्या समाजात बोललेला शब्द बांधून ठेवतो, तिथे पट्टा म्हणजे दोन माणसांतले नाते, दरवर्षी भेटून ताजे करायचे. साहेबाच्या लेखी तो कागद, एकदा सही झाली की माणसाची गरज संपते. गोठीतली फसवणूक या दोन समजुतींच्या अंतराची नोंद आहे. म्हणूनच दरबाराला राजांकडून इतके महत्त्व आहे. दरबारात सरकारला दरवर्षी स्वतः हजर व्हावे लागते.

मात्र गोठीला सोवळ्यात ठेवून चालणार नाही. मोगलाईचे सुख सगळ्यांच्या वाट्याला सारखे नव्हते. डांगातले कोकणा हे मुख्यतः शेतकरी, आणि भिल्ल राजांना धान्य-कर त्यांनी भरला. त्यांच्या गोठींत त्या काळाबद्दल भिल्लांइतके प्रेम नाही. डाकीण ठरवून मारल्या गेलेल्या बायकांचाही तोच काळ होता. इंग्रजांनी त्या हत्यांवर बंदी आणली तेव्हा कित्येक पुरुषांना ते आपल्या मोकळिकीवरचे आक्रमण वाटले. आदिवासी आठवणींबद्दल लिहिताना आपल्यातले बरेच सहृदय लेखक हा भाग गाळतात. गाळल्याने त्या माणसांचा सन्मान होत नाही. राजे, भाऊबंद, शेतकरी, बायका असा भेद ज्या समाजात होता, त्या समाजाचा इतिहासही तसाच भेदांसह लिहिला गेला पाहिजे.

लष्करिया आंबा

जिल्ह्याच्या अधिकृत परिचयात आणखी एक कथा आहे. पाचही राजांनी एकजुटीने लष्करिया आंबा इथे इंग्रजांशी लढाई केली, इंग्रज हरले, तडजोडीला तयार झाले आणि 1842 चा करार झाला. त्याबद्दल राजांना तीन हजारांच्या आसपास चांदीची नाणी देण्याचे ठरले. इथे पट्टा फसवणुकीचा नाही, विजयाचा आहे. हरलेला इंग्रज नाणी मोजतो.

औट्रमच्या स्वारीनंतर बारा वर्षांनी झालेल्या पट्ट्याशी ही कथा जुळवणे अवघड आहे. तरी ती खोटी ठरवून पुढे जाण्यात मला रस नाही. लढाईची आठवण डांगात आहे आणि लढाया झाल्याही. प्रश्न असा की अनेक आठवणींतून हीच आठवण सरकारी परिचयपत्रात का बसली.

गेल्या काही वर्षांत आदिवासींचा राष्ट्रीय इतिहासातला वाटा दाखवण्याचे मोठे प्रयत्न झाले. 2021 पासून बिरसा मुंडांची जयंती, 15 नोव्हेंबर, जनजातीय गौरव दिवस म्हणून पाळली जाते. आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांची संग्रहालये उभी राहत आहेत. राघोजी भांगरे, खाज्या नाईक, भीमा नाईक ही नावे मुलांना कळणे आवश्यकच होते. मी त्याचे मनापासून स्वागत करतो. पण या चौकटीत आत यायची एक अट आहे. शत्रू इंग्रज असला पाहिजे. लष्करिया आंबा त्या अटीत बसतो. बागलाणच्या कुणब्यावर पडलेली धाड बसत नाही, गायकवाडांशी झालेली झटापट बसत नाही. सगळ्यांत अडचणीचा तो पट्टा, कारण त्याचा भाडेकरू 1947 ला निघून गेला आणि त्याच्या जागी आपले सरकार आले. जो हिशेब मिटला आहे तेवढा राष्ट्राच्या इतिहासात शौर्य म्हणून येतो, जो उघडा आहे तो दरबारात सत्कार होऊन येतो.

दुसऱ्या बाजूने डांगला दंडकारण्याची ओळख मिळाली आहे. सुबीरजवळ शबरीधाम आहे, 2006 च्या फेब्रुवारीत तिथे शबरी कुंभ भरला. शबरीला आपली पूर्वज मानणारे भिल्ल आज डांगात आहेत आणि त्यांची श्रद्धा खरी आहे. त्याच डांगात ख्रिस्ती झालेली कुटुंबे आहेत. 1998 च्या नाताळात त्यांच्या प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले. पुराणातली ओळख आदर देते, पण ती एकच अधिकृत ओळख झाली की त्याच रानातला शेजारी परका ठरतो. हार्डीमन यांनी अभ्यासलेली 1922 ची देवी चळवळ इथे आठवावी. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली देवी नाशिकच्या डोंगरांतून, डांगमधून दक्षिण गुजरातेत पोचली. अंगात आलेल्या माणसांच्या तोंडून ती दारू सोडा, स्वच्छ राहा, सावकार-पारशांच्या दारूगुत्त्यांवर बहिष्कार घाला, असे सांगत होती. तिची आज्ञा लोकांनी स्वतः घडवली होती. बाहेरून ओळख मिळणे आणि आतून ती घडवणे यांत केवढा फरक आहे, तो या चळवळीत दिसतो.

आपला दावा

मराठी वाचकासाठी डांगचे नाव वेगळ्या आठवणीत आहे. 1949 मध्ये मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी डांगचा दौरा केला आणि डांगी बोली गुजरातीला जवळची असल्याचे मत दिले गेले. मराठी बाजूने मोठा संताप झाला. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात डांगी खानदेशीच्या गटात आहे, आणि ज्याला अहिराणी कळते त्याला डांगी कळायला वेळ लागत नाही. भाषेच्या मुद्द्यावर मराठी पक्ष भक्कम होता, असे मी आजही म्हणेन. 1960 मध्ये डांग गुजरातला गेला, शिवाय उंबरगाव आणि पश्चिम खानदेशातल्या तालुक्यांतली काही गावेही गेली.

संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणींत डांग ‘गमावला’ असा येतो. पण त्या वादात दोन्हीकडचे विद्वान डांगी माणसाच्या क्रियापदांची चिकित्सा करत होते, आणि त्याच्या जंगलाच्या पट्ट्याचा उल्लेख क्वचित होत होता. डांगची भाषा कुणाची, यावर आपण भांडलो. जंगल कुणाचे, हे विचारले असते तर महाराष्ट्रालाही उत्तर द्यावे लागले असते, कारण सुरगाणा आणि अक्कलकुव्यातली राखीव हद्द आहव्यासारखीच आखलेली आहे.

मूळचे कोण

1943 मध्ये दोन माणसांची भूमिका आमनेसामने आली. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची परंपरा उभी करणारे गो. स. घुर्ये यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे पुस्तक काढून म्हटले की ज्यांना आदिम म्हणतात ते मागास हिंदू आहेत. आदिवासींमध्ये राहून अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचे म्हणणे, त्यांना बाहेरच्यांपासून संरक्षण द्या, नाहीतर ते मोडून पडतील. पिढ्यान्‌पिढ्या आपण या दोन खांबांमध्ये झोका घेत आलो.

डांगच्या प्रकरणात दोन्ही मते तोकडी पडतात. गिरास घेणारा राजा एकाकी नव्हता, त्यामुळे एल्विन यांचे चित्र त्याला लागू होत नाही. तो सपाटीच्या समाजाची मागे राहिलेली शेपटीही नव्हता. रानटीपणा हीच त्याच्या राजेपणाची ताकद होती, ती त्याने मिरवली. रान आणि सपाटी यांच्या सततच्या देवघेवीतून ही ओळख घडली, असे स्कारिया दाखवतात. त्यात ‘आधी कोण आले’ हा प्रश्नच कळीचा राहत नाही. कोकणा समाजाची परंपरा सांगते की ते कोकणातून वर आले. म्हणून ते आदिवासी नाहीत का? राखीव हद्दीने त्यांनाही तसेच ढकलले, फॉरेस्टच्या शिपायाने त्यांचाही नांगर जप्त केला. ही सामाईक झळ त्यांना भिल्लांशी, वारल्यांशी एका नावाखाली आणते.

2007 मध्ये मूळनिवासींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या जाहीरनाम्याला भारताने पाठिंबा दिला, पण सगळेच भारतीय मूळनिवासी आहेत, ही भूमिका ठेवूनच. 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नंदुरबार, आहवा इथे निघणाऱ्या मिरवणुका त्या भूमिकेला उत्तर देतात. हा वाद जनुकशास्त्राने सुटेल असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. हक्क कुठून हिरावला गेला, याचा शोध घेतला तर तो सुटायला लागेल, आणि त्या शोधाला लागणारा पुरावा पुष्कळदा गोठीत आहे.

पुरावा म्हणून गोठ

ही नुसती विद्यापीठातली चर्चा नाही. वनहक्क कायदा 2006 चा, त्याचे नियम 1 जानेवारी 2008 चे. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. नकाशे, गॅझेटियर, जनगणना यांच्याबरोबर दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले निवेदन हाही पुरावा धरला आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये डेलगामूक खटल्यात तिथल्या मूळनिवासी गित्क्सान लोकांच्या मौखिक इतिहासाला कागदी पुराव्याच्या बरोबरीने जागा द्यावी असे म्हटले होते. आपल्या नियमात तीच वाट आहे.

प्रत्यक्षात ती वाट अरुंद होते. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही म्हणून दावे फेटाळले गेले, तेव्हा केवळ अशा चित्रांच्या आधारे दावे नाकारता येणार नाहीत, असे गुजरात उच्च न्यायालयाला 2013 मध्ये सांगावे लागले. निवेदन नोंदवताना तलाठी किंवा ग्रामसेवक चार ठरावीक वाक्ये लिहून घेतो: अमुक पिढ्यांपासून कसतो, अमुक दिशेला ओढा. आजोबांनी कुठे नांगर धरला, चौकी आली तेव्हा पाडा कुठून कुठे हलला, कोणत्या देवाचे ठिकाण हद्दीच्या आत राहिले, हे गोठीत असते. मांडिणीच्या गोठी म्हणजे विस्थापनाचा तपशीलवार नकाशाच आहेत. पण त्या पूर्ण ऐकून, जागेवर फिरून, नावानिशी उतरवून घ्यायला दिवस लागतात, आणि सरकारी बैठकीला दुपार पुरते.

हे काम करण्याची सोय महाराष्ट्रात आहे. नाशिक, धुळे, जळगाव, नंदुरबारच्या महाविद्यालयांत कोकणा समाजाची कोकणी, भिल्ली, अहिराणी घरात बोलणारी मुले-मुली इतिहास आणि मराठी शिकतात. डांगी गोठ समजायला त्यांना दुभाषा लागत नाही. राज्यसीमेच्या दोन्ही बाजूंना त्यांची सोयरीक आहे, त्यामुळे सुरगाण्याच्या पाड्यावरची गोठ आणि आहव्याच्या पाड्यावरची गोठ शेजारी ठेवून तपासता येते. राजघराण्याची गोठ, कोकणा शेतकऱ्याची गोठ आणि बायकांनी सांगितलेली गोठ वेगवेगळी नोंदवावी, एकात एक मिसळू नये. सांगणाऱ्याच्या परवानगीने तिची एक प्रत ग्रामसभेकडे राहावी, म्हणजे वनहक्काच्या दाव्याला ती जोडता येईल. पट्टा पाहिलेल्या पिढीकडून ऐकलेली माणसे आता नाहीत. राखीव हद्दीचे दगड पुरताना पाहिलेल्यांची नातवंडे सत्तरी-ऐंशीत आहेत. पुढच्या उन्हाळी सुट्टीत ही नोंद सुरू करायला विद्यापीठाच्या परवानगीपेक्षा त्या गावच्या ग्रामसभेचा होकार आधी घ्यावा.